अमीनसाहेबांसाठी चेंडू

अण्णाला नाक्यावर डांबून ठेवलं त्या दिवसापासून आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला. एरवी आई भाकरी अशी थापायची की गल्लीच्या तोंडाशी कळावं, यांच्याकडं तवा चढला. आता ती तळहातानं पीठ नुसतं दाबत पसरत न्यायची आणि भाकरी हलकेच तव्यावर सोडायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. वडील, म्हणजे अप्पा, बैलांशी बोलायचे तेसुद्धा खालच्या आवाजात. माझं म्हणाल तर मी खोकला आला तरी तोंड दाबून धरायचो. कुणी ऐकलं तर काय बिघडणार होतं, हे आम्हाला तिघांनाही सांगता आलं नसतं, पण आपला आवाज बाहेर गेला की अण्णाचं काहीतरी वाईट होईल असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होतो आणि स्वतःला चांगला धीट समजत होतो. त्या चार-आठ दिवसांत माझ्या धीटपणाचं पितळ उघडं पडलं.

आमचं गाव करजगीच्या खाली, भीमेच्या काठावर. नदीच्या अल्याड निजामाचं राज्य, पल्याड इंग्रजांचा मुलूख. तो मुलूख आदल्या पावसाळ्यात स्वतंत्र झाला आणि आम्ही अल्याडच राहिलो. उन्हाळ्यात भीमा आटायची. मग अल्याडच्या काठापासून लांबवर पांढरी वाळू, आणि पार तिकडं, पल्याडच्या दरडीला चिकटून गुडघाभर पाण्याची एक धार. त्या धारेच्या मध्यावर एक राज्य संपून दुसरं सुरू होतं म्हणे. आम्ही म्हशी धुवायचो तेव्हा म्हशीचं तोंड एका राज्यात आणि शेपूट दुसऱ्या राज्यात असायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अल्याडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारी दगडी चौकी. पुढं ओसरी, मागं एक अंधारी खोली. पूर्वी त्या खोलीत जप्त केलेल्या गुळाच्या ढेपा ठेवत. आता तिथं अण्णा होता.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. गुलबर्ग्याला शिकायला होता आणि तिथून त्यानं दोन गोष्टी गावात आणल्या. एक व्हॉलीबॉल आणि दुसरी, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं ती. कोळ्यांकडून जुनं जाळं आणून त्यानं नदीच्या वाळूत, धारेच्या जवळ, दोन वाशांमध्ये ताणलं आणि आम्हा पोरांना खेळ शिकवला. त्याचा मारा असा की चेंडू वाळूत रुतून बसायचा. नाक्यावरचे शिपाई बघायला यायचे, मग खेळायला यायला लागले, आणि शेवटी नाक्याचे अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदारही, विजारीचे पाय वर दुमडून उतरले. ते हैदराबाद शहरातले, उंच, सडपातळ, पोलिसातला माणूस वाटू नये इतके हळू बोलणारे. या ओसाड नाक्यावर त्यांची बदली कुठल्या पापानं झाली होती देव जाणे. त्यांचा जीव त्या खेळात होता. दोन उन्हाळे आम्ही असे खेळलो. मग गावोगाव रझाकार फिरायला लागले, त्यांची एक टोळी नाक्याच्या ओसरीवर येऊन राहिली, आणि जाळं वाशांवर नुसतंच फडफडत राहिलं.

अण्णाला त्यांनी पल्याडहून परत येताना धरलं. बैलाच्या खुरासाठी औषध आणायला गेलो होतो असं त्यानं सांगितलं. पल्याड, दरडीमागच्या बाभळींत, निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचा तळ होता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आमच्या बैलाचं खूर ठणठणीत होतं हेही गावाला ठाऊक होतं. आई रोज दुपारी भाकरी, शेंगाची चटणी आणि गाडग्यात ताक घेऊन नाक्यावर जायची. ओसरीवरचे लोक भाकरी मोडून बघायचे, ताकात बोट फिरवायचे, मग उरलेलं आत जायचं. परत आल्यावर आई रिकामं गाडगं उपडं घालायची आणि तिथंच चुलीपाशी बसून राहायची.

एक दिवस अमीनसाहेबांनी अप्पांना आणि मला बोलावणं पाठवलं. नाक्यापर्यंतची ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही. अप्पा पुढं, मी मागं. अप्पांच्या पायातल्या वहाणा करकरत होत्या, म्हणून त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. ओसरीवर टोळीचा म्होरक्या मांडीवर रायफल आडवी टाकून बसला होता. अण्णाच्याच वयाचा असेल. त्यानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. अमीनसाहेब आम्हाला बाजूला, वाळूच्या कडेला घेऊन गेले. त्यांच्या हातात फाटलेला चेंडू होता. शिवण उसवून आतला रबरी फुगा बाहेर आला होता.

"तुम्हारा बेटा बोलता, दवा लाने गया था," ते म्हणाले. "मैं मान लिया. मगर ये लोगां नहीं मानते. परसों इसको अपने साथ ले जाते बोल रहे."

टोळीबरोबर गेलेला माणूस परत आला असं आमच्या पंचक्रोशीत अजून घडलं नव्हतं.

अमीनसाहेबांनी तो फाटका चेंडू माझ्या हातात दिला. "तू सोलापूर जा. बॉल ला. रेत पे टिकनेवाला होना. यहाँ रेत, पानी, काँटे, बॉलां चार दिन में फट जाते. मेरे जवान उस पार जा नहीं सकते. बॉल अच्छा निकला तो तेरा भाई मेरे साथ खेलता. फिर घर जाता."

"आन् न्हाई निघाला तर, साहेब?" अप्पांनी विचारलं.

अमीनसाहेबांनी ओसरीकडं बघितलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "चेंडूसाठी माणूस सोडत्यात व्हय? खोटं बोलायलाय त्यो." अप्पा म्हणाले, "खोटं असंल तरी आणाया पायजे. दुसरं काय हाय आपल्याकडं?" एवढंच बोलणं झालं. पहाटे तिनं मला कडक भाकरी आणि चटणी बांधून दिली. तिच्या हातानं मीठ दुप्पट पडलं होतं, ते मला आगगाडीत बसल्यावर कळलं.

जाताना पल्याडच्या चौकीवर हिंदुस्थानच्या पोलिसांनी हटकलं. कुठं चाललास? सोलापूरला. कामून? चेंडू आणायला. ते हसले. माझं तोंड बघून एकानं पुन्हा विचारलं आणि मग कुणी हसलं नाही. गाडीत मी फाटका चेंडू मांडीवर घेऊन बसलो आणि तो कशानं मेला ते बघत राहिलो. दोरा वाळूनं घासून तुटला होता. एका बाजूची कातडी ताणली जाऊन चेंडू दुधी भोपळ्यासारखा लांबोडा झाला होता. वादी बांधायच्या तोंडाशी आतला फुगा सोलवटला होता. नवा घेताना या तिन्ही जागा बघायच्या असं मी मनाशी म्हणत होतो. चुकलो तर? गुळाची भेली घेताना चुकलं तर आई रागावते. इथं चुकलो तर अण्णा जाणार होता.

खेळाच्या सामानाचं दुकान बाजाराच्या आतल्या अंगाला होतं. जाड चष्म्याचा दुकानदार गिऱ्हाइकावर उपकार केल्यासारखा बोलायचा. मी व्हॉलीबॉल मागितल्यावर त्यानं पाच-सहा चेंडू समोर टाकले आणि विचारलं, "कुठं खेळता? गवतावर, मातीवर?" मी म्हणालो, वाळूवर, नदीच्या. त्यानं निम्मे चेंडू परत फळीवर ठेवले. "त्यांची शिवण वर आलेली आहे. वाळू शिवणच खाते आधी. शिवण खाली दबलेली पाहिजे, दोरा मेण लावलेला पाहिजे." मग त्यानं उरलेल्यांत हवा भरली. "पुरती भरू नका तुम्ही. वाळूवर थोडी कमीच बरी, हाताला लागत नाही आणि ओल्या वाळूत शिवणीवर ताण येत नाही." त्यानं एकेक चेंडू फळकुटावर गरगर फिरवला. एक डुगडुगला, त्याची वादीची बाजू जड होती. तोही गेला. राहिले दोन.

कातड्याची पारख मला अप्पांमुळं होती. आमच्या विहिरीची मोट नवी करायची तेव्हा अप्पा स्वतः जाऊन कातडं निवडायचे आणि मला बरोबर न्यायचे. पाठीचं कातडं घ्यायचं, पोटाचं नाही, कारण पोटाचं पाण्यानं ताणतं. चिमूट धरून दुमडायचं, घडीवर पांढरी रेघ उठली तर कातडं कच्चं. वास घ्यायचा, आंबूस आला तर हात झटकायचे. दुकानात मी हे सगळं करत होतो आणि दुकानदार चष्म्यावरून बघत होता. पहिला चेंडू तांबूस, मऊसूत. हातावर घेतला तर गादीवर पडल्यासारखा बसायचा. पण त्याच्या दोन पट्ट्या पोटाच्या कातड्याच्या होत्या, महिन्याभरात तो लांबोडा होणार हे मला दिसत होतं. दुसरा पिवळट, ताठ. पट्ट्या सगळ्या पाठीच्या, शिवण बारीक आणि खोल, वादीच्या खाली कातड्याची जीभ शिवलेली, फुगा पाण्यात बुडवून बघितला तर एक बुडबुडा नाही. पण पहिल्याच फटक्याला मनगट लाल झालं.

पैशांची अडचण नव्हती, अडचण निवडीची होती. अमीनसाहेब चेंडू उद्याच बघणार. उद्याच्या दिवसासाठी तांबूस चांगला होता. साहेबांच्या हाताला गोड लागला असता आणि अण्णा सुटला असता. पण आठ-पंधरा दिवसांत तो वाकडा झाला की मग? नाका आमच्या दारातच होता. टोळी कुठं जाणार नव्हती. फसवलं म्हणून अण्णाला पुन्हा धरलं तर दुसऱ्यांदा चेंडू आणायला कुणी पाठवणार नव्हतं. मी एक हातात घ्यायचो, ठेवायचो, दुसरा घ्यायचो. मला तिथं दुकानात रडू फुटलं. दुकानदार घाबरला. त्यानं मला पाणी दिलं आणि न विचारता पिवळट चेंडूतली हवा काढून तो कागदात बांधला. "हा घे. हातात रुळला की मऊ होतो. फक्त तेल लावू नको. रबर सडतं, हातातून सटकतो, वाळू चिकटते." मी हो म्हणालो आणि कागदाचं पुडकं छातीशी धरून बाहेर पडलो.

परवा माझ्या नातवानं मोबाइलवर असाच एक चेंडू मागवला. तो आणि त्याचे मित्र अलिबागला समुद्रावर खेळायला जाणार होते. चार लोकांनी त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून त्यानं बोटानं टिचकी मारली आणि संपलं. मी म्हणालो, अरे शिवण बघितलीस का? तर म्हणे, आजोबा, बंद हॉलमधल्या चेंडूला हल्ली चिकटवलेल्या पट्ट्या असतात, पण वाळूवरच्याला अजून शिवणच असते, आणि हवासुद्धा कमीच भरतात. मला उगीचच बरं वाटलं. चेंडू घरी आल्यावर मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो, तेव्हा सूनबाईंना वाटलं म्हाताऱ्याची तब्येत बिघडली.

परतताना पल्याडच्या चौकीवर पुन्हा अडवलं. निजामाच्या राज्यात माल न्यायला तेव्हा बंदी होती. पोलिसानं पुडकं सोडलं, चेंडू दाबून बघितला, कानाशी नेऊन हलवला. "निजामाला रसद न्यायलास का रं?" मी म्हणालो, आमीच खेळताव, वाळूत. त्यानं चेंडू परत दिला आणि म्हणाला, "ह्यानं काय त्याचं राज्य टिकतंय व्हय. जा."

घरी पोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. अप्पांनी चेंडू घेतला, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, घडी घालून बघितली. "पाठीचं हाय," ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो. मग म्हणाले, "पर लई ताठ हाय. साहेबाच्या हाताला लागंल." मी त्यांना शिवणीचं सांगितलं, हवेचं सांगितलं. तेलाचं सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चेंडूला तेल कोण लावतं? मी भाकरी अर्धी तशीच टाकून आडवा झालो.

सकाळी नदीवरून अंघोळ करून आलो तर अप्पा अंगणात उन्हात बसले होते. मांडीवर फुगवलेला चेंडू, शेजारी वाटीत कोमट करडीचं तेल. नवी मोट विहिरीत सोडायच्या आधी ते असेच बसायचे. तेल शिवणीशिवणीत अंगठ्यानं मुरवायचे, उन्हाला दाखवायचे, पुन्हा मुरवायचे. कातडं मऊ राहावं, तडकू नये. आमच्याकडं प्रत्येक शेतकरी हेच करायचा. चेंडू पितळेच्या भांड्यासारखा चमकत होता. "आता बघ," अप्पा म्हणाले, "लोण्यावानी झालाय."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि दुकानदारानं काय सांगितलं होतं ते बोलून गेलो. बोललो नसतो तर बरं झालं असतं. अप्पांचा अंगठा शिवणीवर होता तिथंच थांबला. त्यांचं तोंड असं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं, माझा धाकटा भाऊ विहिरीत पडून गेला तेव्हासुद्धा नाही. "म्या माझ्या हातानं केलो," एवढंच ते म्हणाले, आणि हात पुढं धरून बघत बसले. आई चुलीपुढून उठून आली. आत जाऊन परातीत ज्वारीचा कोंडा घेऊन आली आणि खाली बसून चेंडूवर कोंडा चोळायला लागली. मग आम्ही तिघंही चोळायला लागलो. कोंडा तेल ओढून घ्यायचा, आम्ही तो झटकायचो, पुन्हा नवा लावायचो. दुपारपर्यंत चेंडूची चकाकी गेली, पण वास गेला नाही आणि शिवणीत मुरलेलं तेल काही निघालं नाही. "पुसून पुसून कातडं जाईल," आई शेवटी म्हणाली. "न्या आता. जे व्हायचं ते व्हईल."

नाक्यावर अमीनसाहेब विजारीचे पाय दुमडूनच उभे होते. त्यांनी चेंडू घेतला, फिरवला, खाली टाकून उसळी बघितली, शिवणीवर नख ओढलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता कळणार. मग त्यांनी आपला तळहात नाकाशी नेला.

"ये क्या लगाया?"

मी बोलायच्या आत अप्पा पुढं झाले. "तेल, साहेब. म्या लावलो. मोटंला लावताव तसं. पोराची चूक न्हाई."

ओसरीवरचा म्होरक्या आता उठून वाळूच्या कडेला येऊन बसला होता. "मोट को," अमीनसाहेब हळूच म्हणाले. मग शिपायाला वळून म्हणाले, "खोली खोलो. उसको निकालो. खेल के देखते."

अण्णा बाहेर आला तेव्हा त्याला उजेडात डोळे उघडवेनात. दाढी वाढलेली, सदरा गुळाच्या काळ्या डागांनी माखलेला. तो माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं तोल सावरला आणि विचारलं, "आई कशी हाय?" मी म्हणालो, बरी हाय. आम्ही आणि गावातली दोघं-तिघं पोरं धारेच्या अंगाला उभे राहिलो, नाक्याचे लोक काठाच्या अंगाला. अप्पा वाशाशेजारी वाळूत बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवून.

चेंडू चांगला होता. हे मी अजूनही सांगेन. उडाला की सरळ जायचा, वाऱ्यानं भरकटत नव्हता, हातावर पडला की भरीव आवाज यायचा. पण वाळूत पडला की तेलकट शिवणींना वाळू चिकटायची आणि अमीनसाहेब प्रत्येक वेळी तो विजारीला पुसायचे. मी एकही चेंडू नीट घेत नव्हतो. माझं लक्ष शिवणीकडं, रायफलीकडं आणि अण्णाच्या लटपटणाऱ्या पायांकडं होतं. अण्णानं एक मारा केला, पूर्वीसारखा, आणि अमीनसाहेब मोठ्यानं "वाह" म्हणाले. म्होरक्या हसला नाही.

मग अमीनसाहेबांना जाळ्यापाशी उंच चेंडू मिळाला. त्यांनी उडी घेऊन पूर्ण ताकदीनं हात हाणला. चेंडू तळहातावरून सटकला, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, वाळूवर दोन उड्या घेऊन थेट धारेत पडला आणि पाण्याबरोबर पल्याडच्या अंगाला सरकायला लागला. सगळ्यात मागं अण्णा होता.

"मैं लाता," अण्णा म्हणाला आणि चालायला लागला.

तो पाण्यात शिरला. घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघे. धारेच्या मध्यापलीकडं त्यानं चेंडू पकडला आणि आमच्याकडं पाठ करून तो तसाच उभा राहिला. मागं रायफलीत गोळी चढवल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला काय वाटत होतं ते स्पष्टच लिहितो. तो परत यावा असं मला वाटत होतं, कारण तो गेला तर इथं आम्ही होतो. आणि तो परत आला तर त्याला घेऊन जातील हेही मला कळत होतं. दोन्हींपैकी काय मागावं हे मला कळत नव्हतं, आणि मला इतकी भीती वाटत होती की मी वाळूवर उभ्या उभ्या विजार ओली केली. अप्पा बसले होते तिथून उठले नाहीत. त्यांनी फक्त पागोटं घट्ट धरलं.

अण्णा वळला. त्यानं आमच्याकडं बघितलं, चेंडू डोक्यावरून मागं नेला आणि फेकला. तो सरळ माझ्या छातीवर येऊन पडला आणि मी धरला. मग अण्णा पुन्हा वळला आणि पल्याडच्या दरडीकडं निघाला. पळाला नाही, चालत गेला.

म्होरक्या रायफल खांद्याला लावून पुढं आला होता. अमीनसाहेब जाळ्याखालून वाकून आमच्या बाजूला आले आणि चालत चालत बरोबर त्याच्या आणि नदीच्या मधे येऊन उभे राहिले.

"बॉल लाने गया है उनो," ते म्हणाले. "आ जाता."

"बॉल तो यहाँ है, साब," म्होरक्या म्हणाला. त्यानं रायफलीच्या नळीनंच माझ्याकडं दाखवलं.

अमीनसाहेबांनी माझ्या हातातल्या चेंडूकडं बघितलं. "तो दूसरा लाने गया." मग माझ्याकडं वळले. "सर्विस तुम्हारी है. मार."

ते तिथून हलले नाहीत. म्होरक्याची नळी काही वेळ तशीच राहिली, मग खाली गेली. नाक्याचा अंमल त्यांचा होता, शिपाई त्यांचे होते, आणि शिपाई सगळे आमच्याकडं बघत उभे होते. मी चेंडू हातावर घेतला. तेल, वाळू आणि पाण्यानं तो बुळबुळीत झाला होता. मी सर्विस मारली.

दिवस बुडेपर्यंत आम्ही खेळलो. कोण जिंकलं मला माहीत नाही. कुणी मोजतच नव्हतं. निघताना अमीनसाहेबांनी चेंडू काखेत घेतला आणि अप्पांजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "बॉल अच्छा है. अब तेल नक्को लगाव." मग आणखी हळू म्हणाले, "सुबह बैलां पानी को ले जाव. उस पार अच्छा पानी है. घरवाली को भी ले जाव."

उजाडताना आम्ही बैल सोडले. आईनं तवा बरोबर घेतला, काठवट तिथंच ठेवली, आणि दार नुसतं ओढून घेतलं, कुलूप लावलं तर कुणाला संशय येईल म्हणून. नाक्याचं दार बंद होतं आणि ओसरीवरची टोळी अजून उठली नव्हती. वाळूवरून जाताना प्रत्येक पावलाला मला पाठीत गोळी लागल्यासारखं होत होतं. पावसाळ्यानंतर निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा नाका मोकळा होता. अमीनसाहेबांचं पुढं काय झालं, त्यांना त्या दिवसाबद्दल काही सोसावं लागलं का, हे आम्ही पुष्कळांना विचारलं. कुणी म्हणालं शहरात गेले, कुणी म्हणालं टोळीनंच तक्रार करून त्यांना हलवलं. खरं कळलं नाही. त्यांचं नावसुद्धा आम्हाला धड ठाऊक नव्हतं. अण्णा शेवटपर्यंत म्हणायचा की चेंडू त्यांच्या हातून सटकला नव्हता, त्यांनी तो मुद्दाम धारेत घातला. अप्पा म्हणायचे, तेलानं सटकला. मी तिथं होतो आणि मला सांगता येत नाही.

त्या सकाळी पल्याडच्या दरडीवर बाभळीच्या आडून अण्णा बाहेर आला. आई त्याच्याकडं न जाता आधी पाण्याच्या काठावर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा माझ्यापाशी आला. रात्रभर तो त्याच झाडाखाली बसून होता.

"चेंडू फेकल्यावर मी मागं वळून बघितलो न्हाई," तो म्हणाला. "गोळी येती का म्हणून ऐकायलो होतो नुसता. मग चेंडूचा आवाज आला. तू सर्विस केलास व्हय?"

"व्हय."

"गेली का पलीकडं?"

"न्हाई," मी म्हणालो. "जाळ्यात गेली."

अण्णानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तो इतक्या जोरात रडायला लागला की आईनं पदर काढून वर बघितलं.